न कापलेली पानं

रत्नप्रभा परबशी भांडण झालं नाही असं एकही बिऱ्हाड आमच्या भांडुपच्या चाळीत नव्हतं. कुणाशी नळावरून, कुणाशी वाळत घातलेल्या गोधडीवरून, कुणाशी नुसतंच. माझ्या वडिलांशी तिचं भांडण मात्र पुस्तकांवरून झालं आणि ते पाडव्यापासून गणपतीपर्यंत पुरलं. आजकाल चाळीतली माणसं तिची आठवण काढताना "वाचनाची फार आवड हो बाईंना" असं म्हणतात. मला ऐकून हसू येतं. आवडबिवड काही नव्हती. 'तुला जमणार नाही' असं कुणी म्हटलं की तिच्या अंगात यायचं, एवढंच. आवड मागाहून आली, आपल्या पायांनी.

आम्ही तिला रत्नाकाकी म्हणायचो. मालवणकडची, सातवी पास, दारातून वाकून आत येणारी अशी उंच. तिचा नवरा काशीराम परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचं फाटक बंद झालं आणि काशीरामकाका गॅलरीत येऊन बसला तो बसलाच. रत्नाकाकी कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतली नव्हती. मुलुंडच्या एका कारखान्यातून ती शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे घरी आणायला लागली. शिवणीच्या टोकांना दोरे लोंबत असतात, ते छोट्या कातरीने कापून शर्ट साफ करायचे, असं ते काम. तिचं बघून आणखी चार-पाच जणी त्याला लागल्या. दुपारी सगळ्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत बसायच्या. तिथली खिडकी मोठी होती आणि पंखा मंडळाच्या विजेवर फिरायचा.

माझे वडील श्यामसुंदर कर्णिक, म्हणजे आमचे अण्णा, विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि मंडळाचे चिटणीस. मी, नीला, तेव्हा बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत घरात होते. घरात दिसले की आई काहीतरी निवडायला बसवायची, म्हणून मी दुपारी त्या बायकांत जाऊन बसायचे. त्यांच्या गप्पा आमच्या घरातल्या गप्पांपेक्षा कितीतरी चविष्ट होत्या.

त्या खोलीत एक मोठं सागवानी कपाट होतं आणि कपाटात पुस्तकं. मुलुंडचे एक वकील वारल्यावर त्यांच्या पत्नीने ती कपाटासकट मंडळाला देऊन टाकली होती. वकीलसाहेब पुस्तकं नुसती विकत घेत असणार, कारण पुस्तक उघडलं की गुपित फुटायचं. जुन्या पद्धतीची बांधणी होती ती. पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली, वाचणाऱ्याने ती कापत कापत पुढे जायचं. वकिलांच्या पुस्तकांची पहिली दोन पानं मोकळी आणि पुढची सगळी जशीच्या तशी जोडलेली. मंडळाने ती स्वीकारली, बाईंना नारळ दिला, फोटो काढला आणि कपाटाला कुलूप लावलं. फुकट मिळालेली वस्तू जपून ठेवायची म्हणजे वापरायची नाही, हा आमच्या चाळीचा जुना नियम.

पाडव्याच्या सभेत अण्णांनी ठराव मांडला. पुस्तकं रद्दीत द्यायची, कपाट काढायचं, त्या जागी टीव्ही ठेवायचा आणि शनिवार-रविवारी व्हिडिओ भाड्याने आणायचा. "पुस्तकं कुणी वाचत नाही. उंदरांची सोय झालीय नुसती," अण्णा म्हणाले. ते खोटं नव्हतं. व्हिडिओचं नाव निघताच पोरांनी शिट्ट्या मारल्या. भराभर हात वर झाले, त्यात काशीरामकाकाचाही होता.

मागे बायकांत बसलेली रत्नाकाकी म्हणाली, "चिटणीस, कुलूप कुणी लावलं कपाटाला?"

"मंडळाने."

"मग वाचणार कोण? उंदीरच ना?"

"कुणी मागितली नाहीत पुस्तकं," अण्णा म्हणाले.

"मी मागते."

कुणीतरी खुदकन हसलं. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी त्याहून वाईट केलं. लहान मुलाला समजावावं तशा सुरात ते म्हणाले, "परबबाई, तुम्ही दोरे कापता ते उत्तम काम आहे. ही पुस्तकं जड आहेत हो. तुम्हा बायकांना झेपायची नाहीत."

मी मनात म्हटलं, अण्णा, संपलात तुम्ही.

रत्नाकाकी उभी राहिली. "झेपत नाहीत ते बघू. मुदत द्या."

अण्णा कायद्याने चालणारे गृहस्थ. बाईने मुदत मागितली म्हणजे ती दिली पाहिजे. त्यांनी ठरावाला पुस्ती जोडली: गणपतीनंतर सभा होईल, तोपर्यंत ज्या पुस्तकाची पानं कापलेली सापडतील ते राहील, ज्याची जोडलेली असतील ते रद्दीत जाईल. पान कापलेलं म्हणजे पुस्तक वाचलेलं. सगळी नोकरी कागद बघून माणसांबद्दल मत बनवण्यात गेलेली, त्यामुळे अण्णांना हा पुरावा अगदी भक्कम वाटला. कुणालाच त्यात खोट दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप निघालं. लगेच पहिली अडचण उभी राहिली. पुस्तक वाचत बसलं तर शर्टांचे गठ्ठे कोण संपवणार? रत्नाकाकीने तिथल्या तिथे निकाल दिला. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत दोरे कापायचे आणि वाचणारीच्या वाटचे शर्ट आपापसांत वाटून घ्यायचे. वाचता वाचता जोडलेलं पान आलं की हातातल्या कातरीनेच ते कापायचं. वाचल्याशिवाय पुढचं पान कापायचं नाही आणि मधलं काही गाळायचं नाही.

"आणि कंटाळवाणा असला तर?" जानकीने विचारलं. ही परबांच्या गावाकडच्या घरातली नवी सून, विशीतली, मनाने लोणी आणि कामाला घाईची.

"ता कंटाळवाणा आसा ह्या वाचल्याशिवाय कसा कळतला गो तुका?" रत्नाकाकी म्हणाली. रागावली किंवा गंभीर झाली की ती मालवणीत शिरायची.

हाताला पहिलं लागलं ते उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या एका साहेबाच्या प्रवासाचं पुस्तक. बाहेर चैत्राचं ऊन, वर कुरकुरणारा पंखा, आणि आम्ही बर्फात. कुत्र्यांच्या गाड्या, गोठलेले पाय, अस्वलं. पहिले काही दिवस सगळ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. मग अन्न संपल्यावर साहेबाने गाडीची कुत्री मारून खाल्ली, तो भाग आला. जानकीची कातर थांबली. रत्नाकाकीने हातातला शर्ट खाली आपटला.

"ज्या कुत्र्यान ओढून हाडल्यान, त्याकाच खाल्ल्यान मेल्यान!" ती ओरडली. त्या साहेबाशी तिचं रीतसर भांडण जुंपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तिची बादली भरून वाहत होती आणि ती साहेबाची बाजू घेणाऱ्या शेजारणीला झापत होती. उपाशी मेला असता तर पुस्तक कुणी लिहिलं असतं, असं शेजारीण म्हणत होती. पूर्वी त्याच नळावर दोघी एका कळशीवरून भांडल्या होत्या.

त्याच पुस्तकात पुढे साहेब जहाजाची वाट बघत किनाऱ्यावर बसून राहतो. रोज तेच पाणी, तोच बर्फ, जहाज नाही. त्या दिवशी वाचायची पाळी रत्नाकाकीची होती. ती वाचताना अडखळायची, बोट ओळीवर ठेवून वाचायची. वाचता वाचता ती थांबली आणि खिडकीतून समोरच्या गॅलरीत बसलेल्या काशीरामकाकाकडे तिने बघितलं. म्हणाली, "वाट बघून बघून माणसाचं काय होतं, ते ह्याला बरोबर कळलंय. मेला कुत्री खातो, पण लिहितो खरं." मग पदराने डोळे पुसून तिने पुढचं पान कापलं. त्या दिवशी पाळी संपली तरी तिने पुस्तक कुणाला दिलं नाही.

सगळीच पुस्तकं अशी नव्हती. एका कादंबरीतली नायिका दर चार पानांनी मूर्च्छित पडायची. ती पडली की जानकी "कांदा हुंगवा" म्हणायची आणि हशा पिकायचा. पचनशक्तीवरचा एक ग्रंथ निघाला, तो ऐकून सगळ्यांची पोटं बिघडली. उसाच्या लागवडीवरचं एक जाडजूड पुस्तक तर आम्हाला पुरून उरलं. सऱ्या, खत, कीड, पुन्हा खत. भांडुपमध्ये ऊस म्हणजे रसवंतीच्या चरकात दिसेल तेवढाच. बायका बसल्या जागी पेंगायच्या. रत्नाकाकी मध्येच एखादीला विचारायची, "काय वाचलं आत्ता?" सांगता आलं नाही की मागे जाऊन ते पुन्हा. मी एकदा चिडून म्हटलं, "काकी, आपल्याला काय शेत करायचंय का?" तर म्हणाली, "तुझ्या बापाने जड म्हणून सांगितलेलं हेच असणार. मग हे सोडून कसं चालेल?"

आषाढ सरत आला आणि कपाटाचा जेमतेम निम्मा भाग संपला. उरलेला निम्मा गणपतीपर्यंत संपणं शक्य नाही, हे आता सगळ्यांना दिसत होतं. ही पुस्तकं जाणार ह्याचं आता खरोखरीच दुःख व्हायला लागलं होतं, कारण आत काय असेल ह्याची चटक लागली होती. जानकी तर कपाटासमोर उभी राहून जोडलेल्या पानांच्या फटीतून आत डोकवायची आणि दिसेल ती अर्धी ओळ वाचायची.

श्रावणात रत्नाकाकी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी गेली. मी त्याच सुमाराला अंधेरीला एका ऑफिसात मुलाखतीच्या खेपा घालत होते. रत्नाकाकी परत आली त्या दुपारी मी खोलीत होते. तिने पिशवीतून आणलेलं खाजं सगळ्यांना वाटलं आणि कपाट उघडलं. खालच्या फळ्यांवरची बरीचशी पुस्तकं कापलेली होती. स्वच्छ, सुबक, दोरे कापणाऱ्या हाताने कापलेली.

जानकी हसत पुढे आली. "काकी, झाला काम! ऱ्हवलेली दोन दिवसांत कापतंय. आता एक पण पुस्तक जावचा नाय."

रत्नाकाकीने एक पुस्तक काढलं, मध्येच उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. "ह्यात काय आसा? सांग."

जानकी मान वाकडी करून उघड्या पानावरची ओळ वाचायला लागली.

"कित्याक कापलंस मगे?"

"पुस्तकां ऱ्हवाक होयी म्हणान."

"पुस्तकां ऱ्हवतली, नि मी खोटी पडतलंय," रत्नाकाकी म्हणाली. "त्या कर्णिकान भर सभेत सांगल्यान, तुमका झेपाचा नाय. ता तू खरा करून दाखवलंस."

जानकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला तिची कीव आली आणि रत्नाकाकीचा राग. एवढं का ताणायचं? रत्नाकाकी तडक घरी गेली आणि सुई आणि पांढरा दोरा घेऊन आली. सतरंजीवर बसून तिने पहिलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि कापलेली पानं वरच्या कडेला परत शिवायला लागली. कच्चा टाका. शिंपी पक्की शिवण मारण्याआधी घालतो, ओढला की निघणारा, तसा.

आम्ही बघतच राहिलो. दिवसभर दोऱ्यात हात असलेल्या बाईलाच हे सुचावं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "काकी, वाट लागेल ना आपली. अण्णा फक्त कापलंय का ते बघणार. त्यांना काही कळणार नाही गं."

"मला कळतं ना," ती म्हणाली.

शिवायला बरेच दिवस गेले, आणि ते सगळे वाचायचे दिवस होते. जानकी मुसमुसत सुयांत दोरे ओवून देत होती. बाकीच्यांनी आधी नाकं मुरडली, मग एकेक करून सगळ्या सुई घेऊन बसल्या. गठ्ठे तुंबले, कारखान्याच्या माणसाने आरडाओरडा केला, आणि रत्नाकाकीने त्याला दुप्पट आवाजात परत पाठवलं.

गणपती झाले. सभेच्या दिवशी रद्दीवाला हातगाडी आणि तराजू घेऊन दाराशी उभाच होता. अण्णा चष्मा लावून कपाटापाशी बसले आणि एकेक पुस्तक बघायला लागले. वाचलेली पुस्तकं लगेच ओळखू येत होती. पानांत दोऱ्यांचे तुकडे, कडेला हळदीचं बोट, कुठे चहाचा थेंब. ती त्यांनी उजवीकडे ठेवली, जोडलेली डावीकडे. मग हातात शिवलेलं पुस्तक आलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.

"हे काय आहे?"

"कच्चा टाका," रत्नाकाकी म्हणाली.

"पुस्तकाला?"

"पोरीने न वाचता कापली होती. म्हणून मी शिवून टाकली. ती आमची वाचायची राहिलीत."

अण्णांनी चष्मा काढला. बोटाने एक टाका चाचपून पाहिला. "बाई, हे माझ्या लक्षातही आलं नसतं," ते म्हणाले. माझ्या वडिलांचा आवाज एवढा पडलेला मी क्वचितच ऐकला आहे.

"म्हणूनच शिवली."

पोरांतला, टीव्हीसाठी सगळ्यांत उतावीळ झालेला चंद्रप्रकाश मागून ओरडला, "ठराव तो ठराव! जोडलेली, शिवलेली, सगळी बाहेर! सोडा ना काकी, हरलात आता."

"हरले कोण?" रत्नाकाकी गर्रकन वळली. "मी म्हटलं होतं, झेपतात की नाही ते बघू. अर्धी वाचली. कुठल्याही पुस्तकातलं विचारा, उसाला खत कधी घालायचं तेसुद्धा सांगते. आणि चिटणीस, तुमचा ठरावच उलटा आहे. जागा पाहिजे ना तुम्हाला? पुस्तकं गेली पाहिजेत ना? मग ही उजवीकडची न्या. वाचलेली न्या."

जानकीने तोंडावर हात ठेवला.

"अहो, एवढे महिने खपून तुम्ही वाचलीत ती..." अण्णा म्हणाले.

"ती आम्हाला मिळाली. ती आता तुम्ही जाळलीत तरी आमच्याकडे राहणार. ही डावीकडची आम्हाला अजून मिळालीच नाहीत. जे मिळालंच नाही ते मी सोडायचं कसं? ह्यातलं एक पान मी हलू देणार नाही. बघू कोण हात लावतो."

अण्णांनी मत घेतलं. वाचलेली जावीत, न वाचलेली राहावीत, ह्या बाजूने कोण? सगळ्यांत आधी हात वर गेला तो काशीरामकाकाचा. चंद्रप्रकाश म्हणाला, "काका, कळतंय ना कुठल्या बाजूला हात करताय?" काका म्हणाला, "हिच्या." मग बायकांचे हात वर गेले, माझा गेला, आणि पुरुषांतले काहीजण आपापल्या बायकांकडे बघून हात वर करते झाले.

बोलायला सोपं होतं. पुस्तकं तराजूत चढायला लागली तेव्हा ते कळलं. रत्नाकाकीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः एकेक उचलून आणली. मूर्च्छित पडणारी नायिका गेली, पचनशक्ती गेली, ऊस गेला. बर्फातल्या साहेबाचं पुस्तक जानकीने छातीशी धरून ठेवलं होतं.

"दे," रत्नाकाकी म्हणाली.

"ह्या एकच ऱ्हवांदे, काकी."

"दे म्हणतंय ना."

तिने ते घेतलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "वायट वाटता," ती रद्दीवाल्यालाच म्हणाली, त्या बिचाऱ्याला ते काय कळणार. "पण बोललंय ता बोललंय." पुस्तक तराजूजवळच्या ढिगावर गेलं. रद्दीवाला वजन करत होता तेवढ्यात अण्णांनी सवयीने ते उचललं आणि उभ्या उभ्या मधलंच एक पान वाचायला लागले. रद्दीवाल्याला "साहेब, द्या ना" असं दोनदा म्हणावं लागलं. मग हातगाडी स्टेशनच्या दिशेने गेली.

दुसऱ्या दुपारी सगळ्या जमल्या. कपाटाच्या वरच्या अर्ध्या भागात टीव्ही बसला होता, खाली न वाचलेली पुस्तकं होती. रत्नाकाकीने एकाचे टाके उसवायला घेतले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचा जीव गेलेल्या पुस्तकांत. तिने आमच्याकडे बघितलं, कातर खाली ठेवली आणि म्हणाली, "बरं. आज वाचायचं नाही. आज गेलेली सांगायची. जानकी, कर सुरू साहेबापासून."

जानकीने सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला भांडण पेटलं. कुत्री किती होती, अस्वल कुणी मारलं, साहेब रडला की त्याने नुसतं नाक शिंकरलं. प्रत्येकीचं पुस्तक वेगळं. उघडून खात्री करायची सोय राहिली नव्हती, त्यामुळे कुणी माघार घेईना. असा दंगा झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली वाकून बघायला लागलं. रत्नाकाकी अशी खुलली होती की विचारू नका. जिच्यातिच्यावर तुटून पडत होती.

तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला आले. पण ते तिथेच घुटमळले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग घसा साफ करून म्हणाले, "परबबाई, ते बर्फातलं पुस्तक... मी काल मधलंच पान वाचलं. पुढे काय झालं हो त्यात?"

रत्नाकाकीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"विकायच्या आधी विचारायचं होतंत," ती म्हणाली, आणि सतरंजीवर जरा सरकून तिने त्यांना जागा करून दिली.